पत्ता घेत नाही

सोहार. रात्रीचे पावणेदोन.
एसीचं पाणी बादलीत ठिबकतंय.
दापोलीहून बुरोंडकरच्या बॅगेतून आलेला
परकारचा पेनड्राइव्ह
माझ्या लिनक्सला दिसत नाही.

डीमेसेज मारतो. कर्नल म्हणतो:
सात नंबरचा पत्ता दिला, यंत्र घेत नाही.
आठ दिला. घेत नाही.
एरर उणे एकाहत्तर.

"म्हणजे काय?" परकार विचारतो,
अकरा वर्षांत चार कॅम्प बदललेला माणूस.
म्हणजे हाक जाते रे,
उत्तर तुटक येतं.

पुढचं पोर्ट, मागचं पोर्ट,
हब काढला, मशीन बंद करून पुन्हा चालू.
"विंडोजवर लावून..." म्हणाला,
आणि माझं तोंड बघून गप्प.

शेवटी मोबाइलचा टॉर्च.
सोनेरी पट्ट्यांवर ओशट, पिवळा थर.
"कशात गुंडाळलेला हा?"
"लोणच्याच्या पिशवीत होता."

खोडरबर कुणाकडे असणार इथे?
स्टोअरकीपरच्या पेन्सिलीचं बूड सापडलं.
हळू घासलं. फुंकर. लावला.

एसडीबी. चौदा पूर्णांक नऊ जीबी.
आत एकच फोल्डर: घराचा प्लॅन नवा.

परकार स्क्रीनकडे बघतच नाही.
पेन्सिलीचं बूड नाकाशी धरून
बराच वेळ बसलाय.
"मेथी जास्त पडलीय," म्हणतो,
"या खेपेला."