जुनी प्रत

वीज तलावात पडली नाही.
पाळीजवळच्या डीपीवर पडली
आणि तारेतून चालत
संस्थेच्या खोलीत शिरली,
चपला न काढता.

साकोलीच्या पोरानं डबा उघडला,
हार्ड डिस्क कानाशी धरली,
टरबुजासारखी वाजवून पाहिली
आणि म्हणाला, काका, हे गेलं.

गेलं म्हणजे
कोणत्या साली शिंगूर किती निघाला,
दाडक कधीपासून दिसेनासा झाला,
गेटावर पाणी किती फूट,
त्र्याऐंशी सभासद, त्यांचे हिस्से.
बारा वर्षं, सारं एका बोटानं टाइप केलेलं.

सुट्टीत आलेली भाची, रेवंता, म्हणाली,
"मामा, तुमी जाळं एकच ठेवता का?"
मी बोललो नाही.
मेढीला चार जाळी टांगलेली होती.
चारही माझ्याकडे पाहत होती.

पेनड्राइव्ह निघाला तिच्याच कंपासपेटीतून.
दंडारीचे व्हिडिओ न्यायला लावला होता कधी,
त्यात संस्थेचा फोल्डर आलेला,
चार वर्षांपूर्वीचा,
चुकून.
मी त्या चुकीला हात जोडले.

फाइल उघडली.
तलाव काठोकाठ होता त्या साली.
अनुक्रमांक सतरा: फगलू वलथरे. हजर.
डोंगा दुरुस्तीचे दोनशे रुपये येणे बाकी.

फगलूला काविळीनं नेऊन
तीन वर्षं होत आली.
इथं त्याला कुणी सांगितलंच नव्हतं.

पावत्या जमवल्या,
व्यापाऱ्याची तेलकट वही आणली,
म्हाताऱ्यांना विचारून पाण्याचे फूट भरले.
सतरावर आलो की
चहाला उठायचो.

तिसऱ्या दिवशी बुधाबाई आली,
मासळीची पाटी दारात ठेवून
पडद्याकडे बघत राहिली.
"एक डाव काढलं होतं ना नाव?"
काढलं होतं, म्हटलं.
"मंग आखीन काढा.
मी त रोजच काढतो."

बॅकस्पेस.
रे गेला, थ गेला.
फ शेवटी.

आता दर शनिवारी, हिशेब मिटला की
एक प्रत खोलीत,
एक घरी, तांदळाच्या कोठीवर, डब्यात.
तिसरी साडेचारच्या बसनं साकोलीला, रेवंताकडे.
विजा कडकडल्या की आधी वायर काढतो, मग लुगडी आत घेतो,
बायको हसते.
आणि प्रत झाली की उघडून पाहतो.
न ओढलेल्या जाळ्यात
मासा आहे की नुसता गाळ,
पाळीवरून कोण सांगणार?

त्या जुन्या पेनड्राइव्हवर मात्र
काही टाकत नाही.
रेवंता म्हणते, मामा, जागा हाय ना त्याच्यात.

हाय.
पन तिथं कोनी राहते.