होणे

कोर्टाच्या आवारात, चिंचेखाली,
टाइपरायटर गेला, लॅपटॉप आला,
पण बोंद्रे रायटरांचं टेबल तेच, एक पाय विटेवर.
शंभराचा स्टॅम्प. कन्नडातली साडेतीन पानं.
परशराम मुचंडी, बिल्डिंग कंत्राटदार,
शेजारी बसून घड्याळ बघत होता.
अनगोळात माझ्या पिठाच्या गिरणीवर एक मजला,
दोन खोल्या, संडास, गॅलरी,
अकरा लाख चाळीस हजार.

"वाचून दाखवा की ओ," मी म्हटलं.
बोंद्रे वाचत गेले, भराभर.
शाळेत कन्नड शिकले ते पास होण्यापुरतं,
म्हणून ओळखीचे तेवढे शब्द वेचत बसले:
सही. तारीखु. जामीनु. जवाबदारी.
म्हटलं, हे तर आपलेच निघाले, सोयरे.
मग बारावं कलम. पुढचंमागचं कळलं नाही,
शेवट कळला: मालीकर होणे.

मला ऐकू आलं, मालक होणे.

खोटं कशाला बोलू, बरं वाटलं.
बावीस वर्षं दुसऱ्यांचे जोंधळे दळले,
पापण्यांवर पीठ घेऊन घरी गेले,
आणि आज कुणीतरी सरकारी कागदावर लिहिलं होतं
सुभद्रा काकतकर यांनी मालक होणे.
मी सही केली. शिरोरेषेसकट.

स्लॅबच्या आदल्या दिवशी भीमशी परांचीवरून पडला.
रामदुर्गकडचा पोरगा. पट्टा नव्हता, कठडा नव्हता,
खाली माझ्या गिरणीचा पत्रा होता,
त्याचा आवाज मी दळणातूनही ऐकला.
सिव्हिलच्या दारात मुचंडीनं खिशातून झेरॉक्स काढली,
बाराव्या कलमावर बोट ठेवलं.
ते बोट तिथे ठेवायची त्याला सवय असावी.

तुबची वकीलबाईंनी एकदा वाचलं, चष्मा काढला.
"होणे म्हणजे काय वाटलं तुम्हाला?"
मी सांगितलं.
त्या हसल्या नाहीत, म्हणून मला रडू आलं.
"ओ आखूड आहे, आक्का.
होणे म्हणजे अंगावर येणं. मालकाची होणे,
काही झालं तर ते मालकाच्या अंगावर."

मराठीत आखूड ओ नाही.
आम्ही सगळे ओ सारखेच लांबवतो.

मग त्यांनी विचारलं, हप्ते कसे दिले?
तारखेला. अमावस्या तेवढी टाळून.
"कामावर द्यायचे. पाया झाला, इतके. स्लॅब झाला, इतके.
शेवटचा दहावा हिस्सा हातात ठेवायचा,
एक पावसाळा गळती बघून मग सोडायचा.
मजुरांचा विमा काढल्याची पावती मागायची,
तोंडी नाही, पावती."
मी मान हलवत होते,
चोरी झाल्यावर कुलपाचा भाव ऐकावा तशी.
"आणि हा कागद तुम्हा दोघांतला.
भीमशीची सही यावर कुठे आहे?
त्याचं येणं यानं बुडत नाही.
कुणाकडून येणार, तेवढंच आता भांडायचं."

वॉर्डात भीमशीच्या टाचेत सळई होती,
माझ्या स्लॅबमध्ये आहे त्याहून बारीक.
डबा उघडून दिला. आधी भात खाल्ला त्यानं,
मग विचारलं, "मने मुगीता, आक्का?"
घर झालं का पुरं.
उलटतपासणी नव्हती ती. तो खरंच विचारत होता,
अर्धं त्यानंच बांधलं होतं.

नवा करार झाला, दोन्ही लिप्यांत,
प्रत्येक ओळ वाचून, मध्ये थांबवून, पुन्हा वाचून.
परांची, पट्टे, विमा मुचंडीकडे.
उत्तरेच्या कोपऱ्यातली ओल त्याच्याकडे,
ती निघेपर्यंत एक लाख चौदा हजार माझ्या डब्यात.
भीमशीचा दावा चालू आहे.
मुचंडी म्हणतो मी, मी म्हणते मुचंडी,
तारीख पडते.

दुपारी दळण नसलं की पट्टा बंद करून
मी एकटीच म्हणून बघते: हो. हो.
ओठ गोल झाले की तिथंच तोडायचं, बाईंनी सांगितलंय.
जमत नाही अजून.
लांबतोच.