मुठीची उंची

जुना ओंडका चिरला दिवाळीच्या तोंडावर.
दर घावाला ऐरण बोटभर सरकायची दाराकडे,
जणू तिला कुठे जायचं होतं.

भवानी पेठेत वखारवाला म्हणाला, साल घ्या, किलोवर आहे.
इसाकभाई म्हणाले, अँगलचा स्टँड मारून देतो.
दादा पुटपुटले,
लोखंडाखाली लोखंड, मग गल्लीत झोपायचं कुणी?

शेवटी सोलापूर रस्त्याला
रुंदीकरणात गेलेली बाभूळ.
बुंध्यावर पालिकेचा पांढरा आकडा, ६१२.
टेम्पोवाल्याने तीनशे घेतले, वर चहा.

कापण्याआधी सुतळी धरली,
जमिनीपासून मुठीपर्यंत, ऐरण वजा करून.
मी दादांच्या हाताकडे वळले
तर त्यांनी माझाच हात सरळ खाली सोडला.
"तुझ्या मुठीला काप."

हातभर पुरला. वर पट्टी आवळली.
पहिला घाव.
६१२ जागचा हलला नाही.