गंज

गाडी विकायला काढली तेव्हा
मी सगळं खरं लिहिलं होतं.
ब्युइक, सतरा वर्षांची, रंग एकेकाळी निळा.
डाव्या दाराला पोचा आहे. हरणाचा. चूक त्याची.
हीटर चालतो. रेडिओवर एकच स्टेशन लागतं,
ते हवामान सांगतं, तेवढं पुरे.
खालून गंज आहे.
ग्लेस बेमध्ये गंज नसलेली गाडी
एकतर चोरीची, नाहीतर कॅलेंडरातली.

दहाव्या मिनिटाला पहिला निरोप:
'वस्तू अजून उपलब्ध आहे का?'
वस्तू.
बत्तीस वर्षं पतपेढीच्या खिडकीमागे बसले मी,
चेक खरा की खोटा
ते आधी अंगठ्याला कळायचं, मग मला.
तरी म्हटलं, असेल बाबा, भाषा नवी असेल.

त्याने किंमत पाडली नाही.
पोचा किती खोल, विचारलं नाही.
म्हणाला, तेलविहिरीवर आहे, भर समुद्रात,
फोन लागत नाही,
वडिलांच्या वाढदिवसाला हीच गाडी द्यायचीय.
चेक पाठवतो, तीन हजार जास्तीचा.
वरचे तेवढे माझ्या वाहतूकवाल्याला द्या,
तो येऊन गाडी नेईल.
आणि शेवटी:
'प्रिय मर्डीना मॅडम, तब्येत कशी आहे?'

इथे मी चहा ठेवला.
कारण माझा भाऊ हेक्टर
एकवीस वर्षं तेलविहिरीवर होता.
तिथून फोन लागायचा, रोज लागायचा,
आणि तो फक्त जेवणाला नावं ठेवायचा.
माझी तब्येत? छे.

खरं सांगू?
तरी चार दिवस मी उत्तरं देत राहिले.
फसत नव्हते.
पण नोव्हेंबरात इथे पाचच्या आत अंधार पडतो,
आणि कुणीतरी विचारत होतं
गुडघा आज कसा आहे.
लबाड होता, ठाऊक होतं.
उत्तर मात्र लगेच द्यायचा.

पाचव्या दिवशी चेक आला,
कुठल्याशा दातांच्या दवाखान्याच्या नावाचा.
कागद चांगला. आकडे चांगले.
सही तर अशी, की हस्ताक्षर-स्पर्धेत बक्षीस मिळावं.
ज्याचे पैसे खरंच जाणार असतात
तो इतक्या निवांतपणे सही करत नाही.
मी लिहिलं: पाठवते तीन हजार.
आधी सांग, गाडीला गंज कुठे आहे?
बराच वेळ तीन टिंबं नाचत राहिली.
मग: 'माझा विश्वास आहे, गाडी उत्तम स्थितीत आहे.'
इतका विश्वास माझ्यावर
लग्नातही कुणी ठेवला नव्हता.
मी खिडकी बंद केली. जुनी सवय.

शनिवारी शेटिकँपहून ऑरेल आला.
ना नमस्कार ना चौकशी,
टॉर्च दातांत धरून
थेट खडीवर पाठ टेकली आणि गाडीखाली शिरला.
दिसत होते फक्त बूट.
ऐकू येत होतं: 'अरे देवा.'
मग थोडं पुढून: 'अरे देवा, देवा.'
बाहेर येऊन त्याने पेचकसावरचा पापुद्रा
माझ्या तळहातावर ठेवला,
जणू माझंच प्रगतिपुस्तक.
मी आकडा सांगितला की तो खोकायचा.
त्याने सांगितला की मी दाराकडे बघायचे.
तासभर भांडलो. त्याचे कान गोठले, माझा चहा.
मग दोघं पतपेढीत,
माझ्याच जुन्या खिडकीसमोर.
त्याने नोटा तीनदा मोजल्या,
आतल्या पोरीने एकदा,
आणि मी, पोरीच्या नाकावर टिच्चून, पुन्हा.

किल्ली देताना वाटलं, हाही विचारेल काही.
गुडघा वगैरे.
नाही विचारलं.
गाडी फाटकापर्यंत गेली, थांबली,
अडकणारी काच त्याने हाताने खाली ढकलली:
'हरीण वाचलं का?'

'वाचलं,' मी ओरडले.
'लंगडत गेलं. पण गेलं.'