त्रणसो बेतालीस

मकरपुऱ्याच्या शेडमध्ये, तिसऱ्या ओळीत
आम्ही कॉइल गुंडाळतो.
तांब्याची तार, केसाहून जराशीच जाड,
आठशे चाळीस वेढे.
एक कमी नको, एक जास्त नको.

मी मराठीत मोजते, मनातल्या मनात.
शेजारी झवेरबेन, गुजरातीत, ओठ हलवत.
पहिलं वर्षभर आमचं बोलणं एवढंच:
डबा. पंखा. शेठ आला.

एकदा शाळेतून फोन आला, धाकटीला ताप आहे म्हणून.
ठेवला, तर बोटांत तार
आणि डोक्यात काहीच नाही.
आता सगळं उलगडायचं, पुन्हा एकपासून.
झवेरबेननं मान वर न करता सांगितलं,
"त्रणसो बेतालीस."

आणि तुमचे?
"पांचसो अगियार."

दोन्ही मोजता? कधीपासून?
ती हसलीबिसली नाही.
"तू दर दहाला श्वास सोडते ने. एटले."

त्या दिवसापासून मीही तिचे मोजू लागले.
तिचे ओठ बघून गुजराती आकडे शिकले,
नव्वदच्या पुढचे अजून अडतात.

दिवाळीनंतर मशीनवर लाल आकडे आले.
विसरायची सोयच राहिली नाही.
तोंडं मोकळी झाली:
तिच्या सुनेचं ऐकून झालं, माझ्या गुडघ्याचं सांगून झालं,
उंधियूत वांगं किती, यावर भांडण झालं.

तरी मध्येच कधी
तार ताणलेली असताना
मी लाल आकड्यावर हात ठेवते
आणि विचारते, किती?

परवा ती तेरानं चुकली,
मी एकोणीसनं.
मशीन बरोबर होतं.
शेठ केबिनमधून बाहेर आला
तरी आमचं हसू थांबेना.