चार लाटा

भांडण एका क्रियापदाचं होतं.

मी लिहिलं होतं:
बोरगोंदी हा नागपुरातला एक तलाव होता.
रात्री पावणेदोनला पाणकोंबडा नावाच्या कुणीतरी
'होता' खोडून 'आहे' केलं.
मी 'आहे'चं 'होता'.
त्यानं पुन्हा 'आहे'.
मे महिना, मेडिकल चौकातलं दुकान, माझी रात्रपाळी,
कुलरच्या टाकीत तळाला आलेलं पाणी,
मधूनच कोणी खिडकीशी येऊन
सलाईनचा सेट मागायचं, उलटीची गोळी मागायचं,
तेवढ्यात तिकडे तलाव भरायचा.

तीनदा उलटवलं की चौथ्यांदा उलटवायचं नसतं,
बोलायचं असतं.
प्रत्येक लेखाच्या मागे एक चर्चापान असतं,
दुकानामागे खोकी फोडायची खोली असते तसं.
तिथं गेलो. लिहिलं: कृपया संदर्भ द्यावा.
तो म्हणाला, काहून? माह्यी म्हैस बुडाली तिथं.
मी: म्हैस हा संदर्भ होत नाही.
स्वतःचा अनुभव इथे चालत नाही, छापील काही असल्यास सांगा.
तो: म्हशीचं कोण छापते बाप्पा.
चांदी नाव होतं तिचं, लिहून घ्या.
मी नकाशा दिला, पान क्रमांकासकट,
लेआउटची मंजुरी, भूखंड एक ते एकशे बारा.
तो: नकाशावाला उन्हाळ्यात आला असंन.

(मी हसलो नाही. म्हणजे पडद्यावर नाही.)

समोरचा भल्यासाठीच करतोय असं धरून चाला,
असा इथला नियम.
दोन दिवस धरून चाललो.
तिसऱ्या रात्री लिहून बसलो,
आपणांस भूतकाळ म्हणजे काय ते कळतं का?
तासाभरानं खोडलं,
पण खोडलेलंही इथे इतिहासात राहतं,
तारीख-वेळेसकट, कुणालाही उघडता येतं.
त्यानं उघडलं. म्हणाला,
पाह्यलं म्या. जाऊ द्या, ऊन लय हाये.

मग प्रचालक आली, चंद्रपूरची झरना मडावी,
नर्सिंगच्या दोन पेपरांमधल्या सुट्टीत.
कोण बरोबर ते तिनं सांगितलं नाही,
हात वर करायला लावले नाहीत,
एवढंच विचारलं:
दोघांनाही सोसेल असं वाक्य कोणतं?

नऊ दिवस लागले.
'होता, असे मानले जाते'. कोणी मानलं?
'आता नाही'. आता म्हणजे कधीपासून?
'पावसाळ्यात असतो' त्यानं सुचवलं, मीच नको म्हटलं,
नंतर वाटलं, घ्यायला हवं होतं.
शेवटी क्रियापदच गेलं.
बोरगोंदी: नागपूरच्या दक्षिणेकडील एक तलाव.
जागेवर सध्या वसाहत.
झरनानं लिहिलं, सहमती झाली, आणि अभ्यासाला गेली.

रविवारी गाडी काढून बघायला गेलो.
भूखंड चौऱ्याऐंशी, तीन मजले, खाली तळघर.
तळघरात मोटर चालू.
वॉचमन म्हणाला, बारा महिने चालूच राह्यते साहेब.
शेहेचाळीस डिग्रीत नळीतून पाणी रस्त्यावर,
त्यात दोन कुत्री हनुवटीपर्यंत बसलेली.
फोटो काढला.
लेखात घालता येत नव्हता;
ते पाणी कुठलं, याला पुरावा नाही.
चर्चापानावर ठेवला, खाली काही न लिहिता.

रात्री उत्तर आलं:
खोली नाही टाकली तुम्ही. दोन पुरुष होती.

'होती' म्हणाला.
मी ते दाखवलं नाही त्याला.

सही इथे चार नागमोडी रेघा टाकून करतात.
जतन केलं की त्या विरून जातात,
त्यांच्या जागी नाव उमटतं, वेळ उमटते.
मी लिहिलं: खोलीला संदर्भ?
पुढे चार लाटा काढल्या
आणि जतन करायचं तसंच ठेवून बसलो.
कुणीतरी खिडकी वाजवत होतं,
ओआरएसची दोन पाकिटं द्या म्हणून.