दोन बोटं माया

गंगावेशीत, दूधकट्ट्याच्या म्हशींपासून
चार पावलांवर आमचं दुकान.
पाटीवरचा 'टे' कधीच उडालेला,
पोरं 'हावळ लर्स' म्हणायची.

आप्पांनी मला जवळ घेतल्याचं आठवत नाही.
'काय गं म्हशी' म्हणायचे.
गंगावेशीत म्हशीला हाक कशी मारतात
हे ज्यांनी ऐकलंय
त्यांना मी आणखी काही सांगत नाही.

माया हा शब्द मी पहिल्यांदा कात्रीच्या आवाजात ऐकला.
'दोन बोटं माया सोड.'
शिवणीच्या आत दुमडलेलं, कुणाला न दिसणारं कापड.
तालमीतली पोरं श्रावणात यायची बरगड्या मोजाव्यात अशी,
माघात त्यांचीच मान कॉलरमध्ये मावायची नाही.
आप्पा उसवून, वाढवून द्यायचे. पैसे घ्यायचे नाहीत.
'पोरगं वाढलं, त्याचं बिल कुणाला लावू?'

कीर्तनात बुवा सांगायचे, माया खोटी, माया सोडा.
आप्पा मागच्या रांगेतून पुटपुटायचे,
सोडतो की रोज.
पेपरात यायचं, अमक्या साहेबाकडं बेहिशेबी माया सापडली.
'आमची पण बेहिशेबीच,' म्हणून
त्याच पेपरात शर्ट गुंडाळून द्यायचे.

नवरा उद्यमनगरात, लेथवर.
बघायला आला तेव्हा मी विचारलं,
स्नेह म्हणजे काय वाटतं तुम्हाला?
(नुकतीच बी.ए. झाले होते, असलं काहीबाही विचारायची.)
तो जरा वेळ चपलेकडं बघत बसला. मग म्हणाला,
आयटीआयच्या पुस्तकात स्नेहक होतं. म्हणजे वंगण.
घर्षण कमी करतं, उष्णता वाहून नेतं,
गंज धरू देत नाही.
तीन मार्काला यायचं.

एकवीस वर्षं त्याच्या शर्टांचा तेलकट वास
माझ्या साड्यांना लागतोय.
आमची कुरकुर फार वाढली की
तो उठतो आणि चहा ठेवतो.

यंदा ऑपरेशन झालं, गोळ्यांनी अंग सुटलं.
भाचीच्या लग्नाला लग्नातलाच खणाचा ब्लाऊज काढला,
आप्पांनी शिवलेला. हूक लागेना.
आप्पांना आता दोरा ओवता येत नाही,
नावंही सटकतात. कधी मला आक्का म्हणतात,
कधी नुसतंच बघतात.
पण ब्लाऊज हातात दिला तशी बोटं
शिवणीवरून चालत गेली आणि एका जागी थांबली.
'उसव. हाय आत.'

ब्लेडनं टाके काढले.
बाहेरचा खण विटून उकडलेल्या वांग्यासारखा झालेला.
आत, घडीत, तो जांभळा तसाच,
एकवीस वर्षं ऊन न बघितलेला.
आता घातला तर दोन्ही बाजूंना
गडद पट्टे दिसणार. दिसू देत.
मोजून बघितलं. दोन नाही, तीन बोटं.
कडेला निळ्या खडूची रेघ.

'तीन का सोडली, आप्पा?'
ते बाहेर बघत होते. कट्ट्यावर धार काढणं चाललेलं,
कुणाच्या तरी पेल्यात फेस वर येत होता.
'कोण गं तू?'
मग अंगठा आणि बोट माझ्या दंडाभोवती धरलं,
माप घेतात तसं, बराच वेळ.

'वाळलीस की गं, म्हशी.'